वृद्धिकक्षातील आर्द्रतामापक : दोष कसा शोधावा?

आषाढ लागला की बेळगावच्या घराघरांत मिठाच्या बरणीला पाणी सुटते, पापड सादळतात, आगपेटीची काडी ओढता ओढता मोडते आणि कपाटातील पुस्तकांना बुरशीचा वास येऊ लागतो. हवेतील दमटपणा वाढला आहे, एवढे निदान करण्यास कोणालाही उपकरण लागत नाही. परंतु 'हवा दमट आहे' एवढ्यावर शास्त्राचे भागत नाही. किती दमट, हे आकड्यात सांगावे लागते; आणि आकडा मिळाला की तो बरोबर कशावरून, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येतो. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. तो सुचण्यास निमित्त झाले ते आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगाचे. त्यात माझी स्वतःची चूक होती, म्हणून तो आधी सांगतो.

आमच्याकडे एक वृद्धिकक्ष आहे. बोलताना आपण त्याला सरळ 'ग्रोथ चेंबर' म्हणतो. दिसायला तो काचेचे दार असलेल्या मोठ्या लोखंडी कपाटासारखा. आत रोपे ठेवण्यासाठी फळ्या, वर दिवे, मागे हवा थंड करणारी नळ्यांची वेटोळी, हवा खेळती ठेवणारा पंखा आणि पाण्याचे धुके सोडणारे एक यंत्र. तापमान, प्रकाश व आर्द्रता आपल्याला हवी तेवढी ठेवून रोप वाढवता यावे, हा त्याचा उपयोग. एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी ऊतिसंवर्धनाने तयार केलेली केळीची ४० रोपे त्यात ठेवली होती. बाटलीतून नुकतीच बाहेर काढलेली अशी रोपे फार नाजूक असतात. बाटलीतील संपृक्त हवेत वाढल्यामुळे त्यांच्या पानांवरील मेणचट उपत्वचा पातळ असते आणि पर्णरंध्रे वेळेवर मिटत नाहीत. म्हणून पहिले काही दिवस त्यांना ८५ ते ९० टक्के आर्द्रता द्यावी लागते व नंतर ती हळूहळू उतरवावी लागते.

कक्षावरील आकडा रोज ८७-८८ टक्के दाखवीत होता. तरीही तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपू लागल्या आणि आठवड्यात २९ रोपे गेली. विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आत हवा कोरडी वाटते." मी आकड्याकडे बोट दाखवले आणि म्हणालो, "यंत्र अठ्ठ्याऐंशी म्हणते आहे. तू पाणी वेळेवर घातले नसशील." ती काही बोलली नाही, वही घेऊन गेली. त्या वहीत तिने रोज सकाळी एक ओळ लिहिली होती : 'दाराच्या काचेला आतून घाम नाही.' ती ओळ मी तेव्हा वाचली असती तर निदान राहिलेल्या रोपांचे तरी दोन-तीन दिवस वाचले असते. या प्रसंगाचा उलगडा पुढे येईलच. प्रथम मूळ गोष्टी पाहू.

टक्केवारी कशाची?

आर्द्रतेचा आकडा टक्क्यांत असतो, पण तो हवेतील पाण्याचे प्रमाण सांगत नाही. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प राहू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, हे तो सांगतो. म्हणूनच तिला 'सापेक्ष' आर्द्रता म्हणतात. एक घनमीटर जागेत २० अंश सेल्सिअसला सुमारे १७.३ ग्रॅम, २५ अंशाला २३ ग्रॅम आणि ३० अंशाला ३०.४ ग्रॅम बाष्प मावते. समजा, एका बंद पेटीत दर घनमीटरला ११.५ ग्रॅम बाष्प आहे. तर तीच पेटी २५ अंशाला ५० टक्के, ३० अंशाला ३८ टक्के आणि २० अंशाला ६६ टक्के आर्द्रता दाखवील. पाण्याचा एक थेंबही आत गेला नाही की बाहेर आला नाही. बदलले ते केवळ तापमान. यावरून हे ध्यानात यावे की आर्द्रतेच्या प्रत्येक तक्रारीत तापमानाची चौकशी आधी केली पाहिजे.

दुसरी गोष्ट रोपाच्या बाजूने पाहण्याची. पानाच्या आतील हवा जवळजवळ संपृक्त असते. बाहेरची हवा पानातून पाणी किती जोराने ओढते, हे संपृक्त बाष्पदाब व प्रत्यक्ष बाष्पदाब यांतील तफावतीवर अवलंबून असते. २५ अंशाला संपृक्त बाष्पदाब ३.१७ किलोपास्कल असतो. आर्द्रता ८८ टक्के असेल तर तफावत ०.३८ किलोपास्कल भरते. ६४ टक्के असेल तर १.१४, म्हणजे बरोबर तिप्पट. आपल्याला वाटते की ८८ व ६४ यांत चोवीसाचाच फरक आहे. केळीच्या कोवळ्या रोपाला मात्र तहान तिप्पट लागते.

संवेदक कसा चालतो?

आर्द्रता मोजण्याची युक्ती जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ द सोस्यूर याने १७८३ मध्ये आपल्या केसाच्या आर्द्रतामापकाची माहिती प्रसिद्ध केली. दमट हवेत मनुष्याचा केस किंचित लांबतो व कोरड्या हवेत आखडतो, या गुणाचा त्याने उपयोग केला. १९३८ मध्ये अमेरिकेत डनमोर याने लिथियम क्लोराइडचा लेप दिलेला विद्युत्-संवेदक तयार केला. दमटपणा वाढला की त्या लेपाचा विद्युत्-रोध कमी होतो. १९७३ मध्ये फिनलंडमध्ये पातळ बहुवारिकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या, पापुद्र्याचा संवेदक बाजारात आला. आज वृद्धिकक्षांतून बहुधा याच जातीचे संवेदक आढळतात.

याची रचना सोपी आहे. दोन विद्युत्-पट्ट्यांच्या मध्ये पॉलिमरचा पापुद्रा असतो. वरची पट्टी सच्छिद्र असल्याने बाष्प आत शिरते आणि पापुद्रा ते शोषून घेतो. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८० व अशा पॉलिमरचा अवघा तीन-चारच्या घरात असल्यामुळे थोडे पाणी शिरले तरी पट्ट्यांची विद्युत्-धारिता वाढते. मंडल ही वाढ मोजून तिचे टक्क्यांत रूपांतर करते. धूळ बसू नये म्हणून संवेदकावर बारीक छिद्रांची एक टोपी घातलेली असते.

आता यातील मर्म पाहा. संवेदक कक्षाची आर्द्रता मोजत नाही, रोपांजवळची तर नाहीच. त्या पापुद्र्यात किती पाणी शिरले, एवढेच तो सांगतो. म्हणजे आपल्या टोपीतील चिमूटभर हवेची, आणि तीही टोपीच्या तापमानाला, बातमी देतो. ती हवा व रोपांभोवतीची हवा एकच आहे हे आपण गृहीत धरतो. बहुतेक घोटाळे या गृहीतात असतात. यंत्र मात्र विनाकारण बदलले जाते.

दोष संवेदकाचा की कक्षाचा?

तक्रार आली की पुढील क्रमाने पाहावे. सोपे व बिनखर्चाचे आधी, अवघड व खर्चाचे शेवटी.

पहिली पाहणी डोळ्यांनी व हातांनी करावी. काचेवर, नळ्यांवर, फळ्यांच्या खाली पाणी आहे का? २५ अंशाला ८८ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू २३ अंशांच्या जवळ असतो. थंडीच्या दिवसांत, विशेषतः सकाळी, बाहेरची खोली १७-१८ अंशांवर असेल तर एकेरी काचेला आतून घाम यायलाच हवा. तो नसेल तर आकड्याविषयी संशय घ्यावा. उलट आकडा ५० दाखवीत असून काचेवरून ओघळ वाहत असतील तरीही तेच.

दुसरी पाहणी दिव्यांची. दिवे लागताच आर्द्रता एकदम घसरते व विझताच चढते असे दिसले, तर संवेदकावर थेट उजेड पडत आहे काय ते पाहावे. २५ अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत संवेदक केवळ एका अंशाने तापला तरी तो सुमारे ८० टक्के दाखवतो. मग नियंत्रक बिचारा धुके सोडत राहतो आणि रोपांवर पाणी साचून बुरशी येते. येथे संवेदक बदलून उपयोग नाही. त्यावर पांढऱ्या रंगाची, हवा खेळू देणारी झडप बसवावी आणि त्याला पंख्याच्या वाऱ्यात ठेवावे.

तिसरी पाहणी थंड नळ्यांची. नळ्या दवबिंदूपेक्षा थंड असल्या की हवेतील बाष्प त्यांच्यावर पाण्याच्या रूपाने जमते. एकीकडे धुके सोडायचे व दुसरीकडे नळ्यांनी ते गोळा करायचे, असे भांडण सुरू झाले की आर्द्रतेचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. कॉम्प्रेसर सुरू होताच घसरण व बंद होताच चढण, असा ताल जुळला तर दोष कक्षाच्या जुळणीत आहे. संवेदक खरेच बोलत आहे. निथळलेले पाणी जाण्याची नळी तुंबली असल्यास तेही येथेच सापडते.

चौथी पाहणी पाण्याची. श्राव्यातीत कंपनांनी धुके करणाऱ्या यंत्रात बोअरचे जड पाणी घातले, तर पाण्यातील क्षार धुक्याबरोबर उडतात व सर्वत्र पांढरी भुकटी बसते. ती संवेदकाच्या टोपीची छिद्रे बुजवते. टोपी तुंबली की संवेदक सुस्तावतो : दार उघडल्यावर आकडा पटकन खाली येत नाही, आणि भुकटीत ओल धरली तर तो वरच अडकून राहतो. म्हणून या यंत्रात ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे.

पाचवी पाहणी वासाची. सुट्टीत कक्ष निर्जंतुक करण्यासाठी फॉर्मॅलिनची धुरी दिली होती काय? कोणी स्पिरिटच्या बोळ्याने संवेदक पुसला काय? ब्लीचिंगचे पाणी किंवा कीटकनाशक आत फवारले काय? अशी बाष्पे पॉलिमरच्या पापुद्र्यात शिरून बसतात व आकडा कायमचा सरकतो. पुष्कळ दिवस ९० टक्क्यांच्या वर राहिलेला संवेदकही दोन-तीन टक्के जास्त दाखवू लागतो. कोरड्या हवेत ठेवल्यावर तो बहुधा पूर्ववत् होतो. काही संवेदक ठराविक तापमानाला भाजून शुद्ध करता येतात, पण निर्मात्याच्या पत्रकात तसे लिहिले असेल तरच हा प्रयोग करावा.

सहावी पाहणी तारांची. आकडा शून्यावर किंवा शंभरावर खिळून राहिला, अथवा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर वेडावाकडा उडाला, तर जोडण्या तपासाव्यात. पुष्कळ संवेदक आपला निरोप ४ ते २० मिलिअँपिअर विद्युत्-प्रवाहाच्या रूपाने पाठवतात : ४ म्हणजे शून्य टक्के, १२ म्हणजे ५० टक्के, २० म्हणजे १०० टक्के. मल्टिमीटरवर शून्य मिलिअँपिअर आले तर तार तुटली आहे. नियंत्रकाची मांडणी चुकून ० ते २० अशी राहिली असेल तर फार मजेदार चूक होते. प्रत्यक्ष आर्द्रता ६० टक्के असता प्रवाह १३.६ असतो, आणि नियंत्रक त्याचे ६८ टक्के करतो; २० टक्के असता ७.२ मिलिअँपिअरचे ३६ टक्के होतात. १०० ला मात्र दोन्ही जुळतात. हवा जितकी कोरडी तितकी चूक मोठी असे दिसले की याची शंका घ्यावी. विद्यार्थी आपल्या प्रकल्पात स्वस्त अंकीय संवेदक वापरतात, त्यांनी त्याची अचूकता आधी पाहावी. पाच टक्के इकडेतिकडे होणाऱ्या संवेदकाकडून एका टक्क्याचा न्याय मागू नये.

मिठाची कसोटी

एवढे करूनही संशय उरला, तर संवेदकाला साक्षीदारासमोर उभे करावे. हा साक्षीदार म्हणजे मीठ. बंद भांड्यात मिठाचा संपृक्त द्राव ठेवला की त्यावरील हवेची आर्द्रता आपोआप एका ठराविक आकड्यावर स्थिरावते. सोडियम क्लोराइडसाठी, म्हणजे आपल्या मिठासाठी, २५ अंशाला तो आकडा ७५.३ टक्के आहे, आणि २० ते ३० अंशांच्या दरम्यान तो अर्ध्या टक्क्यानेही बदलत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडसाठी ३२.८, लिथियम क्लोराइडसाठी ११.३ आणि पोटॅशियम सल्फेटसाठी ९७.३ टक्के. पावसाळ्यात बरणीतील मिठाला पाणी सुटते त्याचे कारणही हेच : बाहेरची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून विरघळू लागते.

कसोटी अशी घ्यावी. घट्ट झाकणाच्या लहान बरणीत प्रयोगशाळेतील शुद्ध मीठ घेऊन त्यात थोडे ऊर्ध्वपातित पाणी घालावे. ओल्या वाळूसारखा लगदा झाला पाहिजे. न विरघळलेले मीठ डोळ्यांना दिसत राहिले पाहिजे. संवेदक लगद्याला न टेकता वर लोंबता ठेवावा, तार जाते ते भोक मेणाने बुजवावे आणि बरणी थर्मोकोलच्या पेटीत, उन्हापासून दूर, रात्रभर ठेवावी. सकाळी आकडा वाचावा. मग दुसऱ्या बरणीत मॅग्नेशियम क्लोराइड घेऊन तेच करावे. दोन्हीकडे सारखीच चूक, उदाहरणार्थ ८१ व ३९, आली तर आकडा सरसकट सहाने सरकला आहे आणि नियंत्रकात तेवढी वजावट करता येते. ८१ व ३३ आले तर मोजपट्टीच ताणली गेली आहे. तिथे एका आकड्याची वजावट पुरत नाही. दोन्ही बरण्यांत तोच आकडा आला तर संवेदक गेला, हे निश्चित.

घाई मात्र करू नये. तापमान स्थिर नसेल तर ही कसोटी फसते, कारण संवेदक लगद्यापेक्षा अर्धा अंश जरी गरम असला तरी दोन टक्क्यांचा फरक पडतो.

आमच्या कक्षात काय झाले?

आता त्या २९ रोपांकडे वळू. शेवटी हा दोष सापडला तो आमच्या प्रयोगशाळेतील सहायकामुळे. तो कन्नडभाषक. त्याने एका संध्याकाळी बशीत खडे मीठ घालून ती खालच्या फळीवर, दिव्याच्या सावलीत ठेवली. सकाळी मला बशी दाखवून तो म्हणाला, "उप्पु नीरागिल्ल, सर." मिठाचे पाणी झालेले नव्हते. खडे कोरडे खडखडीत होते. वास्तविक खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असल्याने ते शुद्ध मिठाच्याही आधी ओलावते. तेही जर कोरडे राहिले, तर त्या फळीवरील हवा ७५ टक्क्यांच्या खाली होती, यात शंका उरली नाही. आणि आकडा तेव्हाही ८८ होता.

त्याच दिवशी पदार्थविज्ञान विभागातून पंख्याचा ओला-कोरडा तापमापक आणला. फळीवर कोरडा २५ अंश व ओला २० अंश आला. कोष्टकावरून आर्द्रता ६३ टक्के निघते. ही कोष्टके समुद्रसपाटीच्या दाबासाठी असतात. आपले बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, तेव्हा येथील कमी दाब हिशेबात धरला तर ६४ टक्के येतात. आकडा व वस्तुस्थिती यांत चोवीस टक्क्यांचे अंतर होते.

संवेदक मात्र निर्दोष निघाला. टोपी काढून, कोरडा करून मिठाच्या बरणीत ठेवल्यावर त्याने ७७ दाखवले. म्हणजे चूक दोनाच्या आतबाहेर. सुट्टीत साफसफाई करताना धुक्याच्या नळीचे तोंड फिरले होते व ते नेमके संवेदकाकडे आले होते. धुके सुटले की त्याचे तुषार थेट टोपीवर पडत. टोपीत साचलेल्या क्षारांनी ती ओल धरून ठेवली. आकडा ८८ वर चढे आणि नियंत्रक धुके बंद करी. टोपीत श्रावण, फळीवर वैशाख! टोपीतल्या हवेविषयी संवेदक खरेच सांगत होता. ती रोपांची हवा आहे असे मी धरून चाललो होतो.

नळी वळवली, टोपी बदलली, संवेदक रोपांच्या उंचीवर आणला. उरलेल्या ११ रोपांपैकी ९ जगली. विद्यार्थिनीची मी सर्वांसमोर क्षमा मागितली आणि तिच्या प्रकल्पात हा सारा प्रकार एक प्रकरण म्हणून लिहावा असे सुचवले. तिने तो लिहिला, आणि काचेच्या घामाची ती ओळ त्यात पहिल्या पानावर आहे.

तेव्हापासून आमच्या कक्षाच्या नोंदवहीत तीन रकाने वाढवले आहेत : यंत्राचा आकडा, आठवड्यातून एकदा ओल्या-कोरड्या तापमापकाचा आकडा, आणि रोज सकाळी डोळ्यांना काय दिसले ते. सत्राच्या आरंभी मिठाची कसोटी होते. सुट्टीनंतर नळी, टोपी व दिव्याची झडप पाहिल्याशिवाय रोपे आत जात नाहीत. या साऱ्याला वर्षाकाठी काही तास लागतात आणि खर्च मिठाच्या पुडीचा. नव्या संवेदकाची मागणी कार्यालयाकडे पाठवण्यापूर्वी इतर विभागांनीही एवढे करून पाहावे, अशी विनंती आहे. आणि रोप सुकू लागले, आकडा मात्र ठीक दिसतो आहे, असे जेव्हा होईल, तेव्हा पाणी घालणाऱ्यास जाब विचारण्याआधी मिठाची एक बशी आत ठेवावी.